पेटीच्या मागची बाजू

व्हिडिओ गेम हा शब्द उच्चारला की घरात दोन तट पडतात. मुलांचे डोळे चमकतात आणि वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. वाद कितीही रंगला तरी दोन्ही पक्षांचे लक्ष पडद्याकडेच असते. प्रस्तुत लेखात मला पडद्याविषयी फारसे बोलायचे नाही. त्या पेटीच्या मागची फळी काढली म्हणजे आत जे दिसते, त्याविषयी बोलायचे आहे. आणि त्या निमित्ताने आपल्या प्रयोगशाळांविषयीही दोन शब्द सांगायचे आहेत.

मी मूळचा इंदूरचा. १९८८-८९ च्या सुमारास मी शाळेत होतो, तेव्हा राजवाड्याजवळच्या एका गल्लीत व्हिडिओ गेमचे दुकान होते. अंधारी खोली, चार पेट्या आणि रुपयाला एक टोकन. खाऊच्या पैशांत आठवड्याला दोनच टोकने परवडत. त्यामुळे मी खेळत कमी असे आणि दुसऱ्यांच्या पाठीमागे उभा राहून बघतच जास्त असे. एकदा बाबांनी तिथूनच कान धरून मला घरी आणले आणि पुन्हा त्या अड्ड्यावर दिसलास तर तंगडे मोडीन, असा दम भरला. तरीही मी चोरून जात राहिलो, आणि एके दिवशी जे पाहिले त्याने माझ्या आयुष्याची दिशा ठरली.

त्या दिवशी एका पेटीच्या पडद्यावर उभ्या रेघा उमटू लागल्या होत्या. मालकाने टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराला बोलावले. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. त्यांनी पेटी भिंतीपासून ओढली आणि मागची फळी काढली. आत एक पिक्चर ट्यूब, वीजपुरवठ्याचा डबा आणि वहीच्या दोन पानांएवढा हिरवा बोर्ड, एवढाच संसार होता! उस्तादांनी बोर्डाची कड खोडरबराने घासून पाहिली. फरक पडला नाही. मग एकेका मेमरी चिपवर बोट ठेवून कोणती जास्त तापते ते पाहिले, आणि संशयित चिपच्या पाठीवर तशीच एक चांगली चिप पाय जुळवून दाबून धरली. रेघा नाहीशा झाल्या. "देखा बेटा? बीमारी पकड में आ गई, अब दवा तो बाज़ार से ले आएँगे," ते म्हणाले. गल्लीतल्या कोणत्याही खेळापेक्षा मला हा खेळ जास्त आवडला.

पुढे ह्या बोर्डांचा इतिहास वाचला तेव्हा त्यामागची बुद्धी ध्यानात आली. १९७८ साली जपानच्या टाइटो कंपनीने 'स्पेस इनव्हेडर्स' हा खेळ बाजारात आणला. तो तोमोहिरो निशिकादो ह्या अभियंत्याने रचला. चित्रे त्याची, प्रोग्रॅम त्याचा आणि यंत्राची जुळणीही त्याचीच. ह्या यंत्राचा मेंदू म्हणजे इंटेलचा ८०८० मायक्रोप्रोसेसर, सेकंदाला २० लाख ठोक्यांवर चालणारा. पडद्यावर २५६ गुणिले २२४, म्हणजे ५७,३४४ ठिपके. प्रत्येक ठिपका एकतर पेटलेला नाहीतर विझलेला. आठ ठिपक्यांना एक बाइट ह्या हिशेबाने सगळ्या चित्राला ७,१६८ बाइट पुरत. अख्ख्या खेळाचा प्रोग्रॅम ८ किलोबाइटचा होता. आज सकाळी मोबाइलवर जे फुलांचे 'सुप्रभात' येते, तेवढ्या एका चित्राच्या जागेत असे दहा खेळ सहज मावतील.

अडचणी काय थोड्या होत्या? ८०८० ला बाइटमधील ठिपके एका आज्ञेत एकच घर सरकवता येत. चार-पाच घरे सरकवायची तर तितक्या वेळा तीच आज्ञा द्यावी लागे. इतका वेळ खेळाजवळ नव्हता. म्हणून हे सरकवण्याचे काम करणारे वेगळे सर्किट प्रोसेसरच्या शेजारी बसवले. शत्रूंची संख्या ५५. सगळ्यांना एकदम हलवण्याची प्रोसेसरची ताकद नव्हती. पडदा सेकंदाला ६० वेळा रंगतो, तेव्हा दर वेळी एकच शत्रू पुढे सरकवायचा असे ठरले. आता साधे गणित करा. ५५ शत्रू असताना सगळी फौज एक पाऊल टाकायला जवळजवळ एक सेकंद लागतो. दहाच उरले की तेच पाऊल सेकंदाच्या सहाव्या हिश्श्यात पडते. एकटा उरला की तो सैरावैरा धावतो! खेळणाऱ्याच्या छातीत धडधड वाढवणारा हा वेग मुळात यंत्राच्या दुबळेपणातून आला होता. निशिकादोने तो दोष न मानता खेळाचा प्राण म्हणून ठेवून घेतला.

ह्या ८०८० च्या जन्मकथेतही एक जपानी माणूस आहे. मासातोशी शिमा हा बुसिकॉम ह्या गणकयंत्रे बनवणाऱ्या कंपनीचा तरुण अभियंता. त्या कंपनीच्या कामासाठी तो इंटेलमध्ये गेला आणि १९७१ सालच्या ४००४ ह्या पहिल्या मायक्रोप्रोसेसरच्या रचनेत सहभागी झाला. पुढे १९७४ चा ८०८० आणि त्यानंतर झायलॉग कंपनीचा १९७६ चा झेड-८०, ह्या दोन्हींच्या रचनेत त्याचा मोठा वाटा होता. हाच झेड-८० पुढे १९८० साली नामको कंपनीच्या 'पॅक-मॅन'मध्ये आणि १९८१ साली निन्टेंडोच्या 'डाँकी काँग'मध्ये बसला.

'पॅक-मॅन'ची युक्ती छापखाना पाहिलेल्यांना चटकन कळेल. पूर्वी शिशाचे खिळे जुळवून पान तयार करीत. प्रत्येक अक्षर नव्याने कोरावे लागत नसे. तसेच येथे पडद्याचे २८ गुणिले ३६, म्हणजे १,००८ चौकोन पाडले आहेत. कोणत्या चौकोनात कोणता 'खिळा' बसवायचा त्याचा क्रमांक एक बाइट आणि त्याचा रंग एक बाइट, असा हिशेब ठेवला की दोन किलोबाइटमध्ये पान भरते. तेच रंगीत चित्र ठिपक्याठिपक्याने साठवायचे तर १६ किलोबाइट तरी लागले असते, आणि मेमरी त्या काळी सोन्याच्या भावाने मिळे. पॅक-मॅन आणि त्याच्या मागे लागलेली चार भुते ही हलती चित्रे मात्र वेगळे सर्किट त्या पानावर वरून ठेवते. ह्या खेळाची पातळी मोजायला एकच बाइट दिला आहे. त्यात २५५ च्या पुढचा आकडा मावत नाही. म्हणून २५६ व्या पातळीवर हिशेब कोलमडतो आणि पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरांच्या कचऱ्याने भरून जातो. बाइट म्हणजे काय हे शिकवायला यापेक्षा चांगले उदाहरण मला अद्याप सापडलेले नाही.

आता मी माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ८०८५ हा मायक्रोप्रोसेसर शिकवला जातो. रमेश गावकरांचे त्यावरील पाठ्यपुस्तक १९८४ साली निघाले आणि आपल्या कॉलेजांतून ते घरचे पुस्तक होऊन बसले. हा ८०८५ म्हणजे ८०८० चाच धाकटा भाऊ. थोरल्याच्या सगळ्या आज्ञा त्याला समजतात. ह्याचा अर्थ असा, की ज्या भाषेत 'स्पेस इनव्हेडर्स' लिहिला गेला, ती भाषा आपल्या वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याला अभ्यासक्रमातून शिकवली गेलेली असते. पण हे त्याला कोणी सांगत नाही! तो बिचारा दोन आकड्यांची बेरीज करतो, उत्तर जर्नलमध्ये उतरवतो, सही घेतो आणि मोकळा होतो.

हे मी दुसऱ्यांच्या नावाने बोलत नाही. माझ्या विद्यार्थिदशेत आमच्या प्रयोगशाळेतील किट काचेच्या कपाटात कुलूपबंद असत. बिघडतील, ही भीती. सत्रातून तीन-चार वेळा त्यांचे दर्शन घडे. मी चांगल्या श्रेणीत पदवी घेतली आणि सुट्टीत मोठ्या ऐटीत उस्तादांच्या दुकानात गेलो. त्यांनी एक बंद पडलेला बोर्ड माझ्यापुढे सरकवला. झेड-८० च्या चाळीसही पिनांची नावे मला तोंडपाठ होती. पण मीटर प्रथम कोठे लावायचा हे काही सुचेना. उस्ताद हसले नाहीत, ह्याचीच मला अधिक लाज वाटली. आधी पाच व्होल्ट येतात का पाहा, मग घड्याळाचे ठोके पाहा, मग रीसेटची पिन पाहा, असा क्रम त्यांनी शांतपणे सांगितला. चार वर्षांत मला कोणी न सांगितलेली गोष्ट सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाने पाच मिनिटांत सांगितली.

उस्तादांना हे जमले ते केवळ त्यांच्या हुशारीमुळे नव्हे. यंत्र उघडता येत होते, हेही कारण आहे. १९८५ च्या सुमारास जपानी उत्पादकांच्या संघटनेने बोर्डाच्या जोडणीचा एक समान नमुना ठरवला. 'जामा' नावाने तो ओळखला जातो. दोन्ही बाजूंना २८ अशा ५६ पट्ट्या, आणि कोणती पट्टी कशासाठी हे ठरलेले; वीज इथे, चित्र इथे, आवाज इथे, नाण्याचा स्विच इथे. एक बोर्ड काढून दुसरा लावला की त्याच पेटीत नवा खेळ. आमच्या गल्लीत आलेले कित्येक बोर्ड नकली होते. पण जोडणीचा नियम तोच, म्हणून त्यांचीही दुरुस्ती होई.

पुढे मात्र दारे बंद होऊ लागली. १९९३ साली कॅपकॉम कंपनीने आपली सीपीएस-२ ही नवी रचना आणली. नकला थांबाव्यात म्हणून तिचा प्रोग्रॅम सांकेतिक लिपीत ठेवला आणि ती लिपी उलगडण्याची किल्ली एका लहान बॅटरीवर जगणाऱ्या मेमरीत ठेवली. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते. बोर्डाचा एकही भाग जळालेला नसतो, तरी यंत्र स्वतःचाच प्रोग्रॅम वाचू शकत नाही. नकलांमुळे कंपनीचे नुकसान होत होते, हे मान्य. पण पैसे मोजून घेतलेले यंत्र बॅटरीबरोबर मरावे, हा कुठला न्याय? जगभरच्या हौशी मंडळींनी चिकाटीने काम करून २००१ साली ह्या कुलपातून प्रथम वाट काढली आणि २००७ पर्यंत लिपी पूर्ण उलगडली. म्हणून ते खेळ आज शिल्लक आहेत. आता आपल्या खिशातील मोबाइल पाहा. डिंकाने चिकटवलेला, उघडला तर हमी रद्द! दुरुस्तीचा हक्क हा विषय आता सरकारदरबारीही पोचला आहे. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक खात्याने त्यासाठी एक संकेतस्थळ सुरू केले. हे चांगलेच झाले. परंतु दुरुस्तीचा हक्क घेऊन करायचे काय, जर दुरुस्ती करणारा हातच तयार झाला नाही?

काही प्राध्यापक मित्र म्हणतील, जुन्या चिपांचे हे कौतुक कशासाठी? झेड-८० चे उत्पादन तर झायलॉगनेच २०२४ साली थांबवले. खरे आहे. परंतु आजच्या चिपमध्ये कोट्यवधी ट्रान्झिस्टर असतात, आणि कोठे काय घडते ते बोटाने दाखवता येत नाही. ह्या जुन्या बोर्डावर मात्र मेमरी वेगळी दिसते, प्रोसेसर वेगळा दिसतो आणि चित्राचे सर्किट वेगळे दिसते. शरीरशास्त्राचा विद्यार्थी पूर्वी बेडकापासून सुरुवात करीत असे, ती त्याला पुढे बेडकांवर उपचार करायचे असत म्हणून नव्हे. पालक म्हणतील, खेळाने मुले वाया जातात. जातातही. पण जो मुलगा शत्रू का धावतात ह्याचा हिशेब मांडू लागला, तो खेळाच्या नादाबाहेर पडला असे मी समजतो.

माझी मागणी फार मोठी नाही. प्रत्येक इलेक्ट्रॉनिक्स विभागाने भंगारातून एक जुना बोर्ड मिळवावा आणि तो टेबलावर उघडा ठेवावा. (पिक्चर ट्यूबच्या मागे हजारो व्होल्ट असतात, तिथे जाणत्या माणसाशिवाय हात घालू नये.) ८०८५ च्या तासाला बेरजेबरोबरच अशा खेळाचा एखादा तुकडा वाचून दाखवावा. आणि गावातील एखाद्या जुन्या कारागिराला सत्रातून चार दिवस सन्मानाने, मानधन देऊन, वर्गात बोलवावे. त्याच्याकडे पदवी नसेल, नसू द्या.

उस्ताद आता नाहीत. मागच्या दिवाळीत इंदूरला गेलो तेव्हा त्यांच्या मुलाने दुकान आवरायला काढले होते आणि पोतेभर बोर्ड किलोच्या भावाने भंगारात चालले होते. त्यातला एक मी मागून आणला. तो आता आपल्या प्रयोगशाळेत खिडकीजवळच्या टेबलावर आहे. तो सुरू होत नाही. पाच व्होल्ट येतात, घड्याळाचे ठोकेही आहेत. पुढचे मी मुद्दाम पाहिलेले नाही. ह्या अंकाच्या मराठी विभागाचे वाचक असोत की कन्नड विभागाचे, ज्यांना हौस असेल त्यांनी मीटर घेऊन यावे. कपाटाला कुलूप नाही.