घराबाहेर न पडणारा सिनेमा

यश चोप्रांच्या ‘इत्तेफाक’ (१९६९) वर ठरलेला आक्षेप असा, की हे कॅमेऱ्यासमोर मांडलेलं नाटकच आहे. आहेच! मूळ इंग्रजी नाटक, त्यावरून गुजराती ‘धुम्मस’, त्यावरून हा सिनेमा. एक रात्र, एक घर, गाणं एकही नाही. पण हिचकॉकनेही ‘डायल एम फॉर मर्डर’ (१९५४) मुद्दामच बहुतेक सगळा एका फ्लॅटमध्ये ठेवला. दार उघडलं की दडपण गेलं. चोप्रांना दिग्दर्शनाचं फिल्मफेअर मिळालं ते उगीच नव्हे. राजेश खन्नाचं वेडेपण मात्र जरा जास्तच, हे आम्हांला मान्य.

खरी बाजी नंदाची. मास्टर विनायकांची ही मुलगी म्हणजे आपल्या पिढीची ‘छोटी बहन’ (१९५९). तिच्यावर संशय घ्यायचा तरी कसा? सगळं रहस्य या विश्वासावर उभं आहे. डून लेरीला चार कुटुंबांनी मिळून तो पुन्हा पाहिला, तेव्हा इथे वाढलेली आमची पोरं तिला प्रथमच पाहत होती. अर्ध्या तासात धाकटी म्हणाली, “ही बाई काहीतरी लपवतेय.” आम्ही सगळी मोठी माणसं तिच्यावर तुटून पडलो.

शेवट सांगत नाही. पाहाल तेव्हा पोरांना जवळ बसवा, आणि बोलू द्या.