वल्हं तिच्या हाती

जैसलमेरजवळच्या सम गावी उंटावरून सूर्यास्त बघायचा आणि तंबूत जेवायचं, याचे पैसे आपण खुशीनं मोजतो. मग आपलं सिंधुदुर्ग? १९९७ साली हा पर्यटन जिल्हा जाहीर झाला. तारकर्लीलाही सूर्यास्त आहे, सोलकढी आहे, घावणे आहेत. पण पाहुणे किनाऱ्यावर असतात तेव्हा मला दिसते ती चुलीपाशी घामाघूम झालेली घरची बाई. मिळकतीचा हिशेब कितीजणींच्या हातात असतो?

म्हणूनच वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीचं कौतुक वाटतं. तिथे २०१७ साली स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत पाहुण्यांना कांदळवन दाखवू लागल्या. खारफुटीच्या मुळांत मासळीची पिल्लं वाढतात, हे त्यांच्याहून चांगलं कोण सांगणार?

मैत्रिणींनो, कोकणात जाल तेव्हा जेवणाची तारीफ कराच. पण पैसे रांधणारीच्याच हातात द्या.