प्रवाळबेटांवरील लाटा

सुटीचा विषय निघाला म्हणजे पूर्वीं आपल्याकडील मंडळी माथेरानला, महाबळेश्वरला, नाहींतर सरळ आजोळीं जात. हल्लीं मुलें एकदम मालदीवचें नांव घेतात. आणि तेंही वाळूंत बसून येण्यासाठीं नव्हे, तर फळीवर उभें राहून लाटांवर स्वार होण्यासाठीं! या खेळास सर्फिंग म्हणतात. आमच्या पुतण्यानें यंदा हा बेत घरांत मांडला, तेव्हां वडील मंडळींनीं पहिला प्रश्न खर्चाचा केला आणि दुसरा जेवणाचा. आमच्या मतें या दोहोंच्याही आधीं विचारण्याजोगा प्रश्न निराळा आहे. ज्या लाटेवर जावयाचें, तिच्याखालीं काय आहे?

खालीं प्रवाळ आहे. मालदीवचीं हजाराहून अधिक बेटें कंकणांच्या आकारांत मांडलेलीं आहेत. अशा कंकणास जगभर रूढ झालेला ‘ॲटॉल’ हा शब्द मूळ तेथील दिवेही भाषेंतलाच. आपल्या चौपाटीवर समुद्राचा तळ हळूहळू चढत येतो, त्यामुळें लाट दमत दमत किनाऱ्यास लागते. प्रवाळाची भिंत मात्र खोल पाण्यांतून एकाएकीं उभी राहिलेली असते. दूरवरून कोठेंही न अडतां आलेली लाट तिच्यावर ठेंच लागल्यासारखी अडखळते आणि तिचा माथा पुढें कोसळतो. वाळू दरसाल हलते, भिंत हलत नाहीं. म्हणून लाट नेहमीं त्याच जागीं, त्याच वळणानें फुटते. तेथील लाटांना माणसांसारखीं नांवें पडलीं आहेत तीं यामुळेंच. थुलुस्धू बेटापाशीं कोका-कोलाचा कारखाना, म्हणून तेथील लाट ‘कोक्स’; हिम्माफुशीच्या तुरुंगावरून दुसरीचें नांव ‘जेलब्रेक्स’. ओहोटीच्या वेळीं या भिंतीवर कित्येक ठिकाणीं कमरेइतकेंही पाणी नसतें, आणि तिचा पृष्ठभाग आपल्या विळीवरील खवणीसारखा असतो. लाटेची सारी शोभा जिच्यामुळें, अपायही तिच्याचपासून!

या लाटांची ओळख परक्यांना झाली तीही या भिंतीच्याच आघातानें. १९७३ सालीं टोनी हाइंड नांवाच्या ऑस्ट्रेलियन तरुणाचें शिडाचें जहाज उत्तर माले कंकणांत प्रवाळावर आदळून फुटलें. जीव वाचल्यावर त्यानें भोंवतालच्या लाटा पाहिल्या आणि तो तेथेंच राहिला. २००८ सालीं तेथेंच लाटांवर खेळत असतां त्याला मृत्यु आला.

आतां हंगाम. प्रवासी कंपन्यांच्या पत्रकांत मालदीवचा उत्तम काळ डिसेंबर ते एप्रिल असा छापलेला असतो. तो स्वच्छ आकाशासाठीं खरा, लाटांसाठीं नव्हे. लाटांचा भर एप्रिल ते ऑक्टोबर, आणि त्यांतही आपल्या ज्येष्ठ-श्रावणाच्या सुमारास. नारळी पौर्णिमेपूर्वीं समुद्रांत जाऊं नये असें लहानपणापासून ऐकलेल्या आजीबाईंना हें उफराटें वाटेल. परंतु त्या लाटा आपल्या पावसाळ्यानें उठत नाहींत. दक्षिण गोलार्धांत तेव्हां हिवाळा असतो. अंटार्क्टिकाच्या बाजूच्या महासागरांत वादळें होतात, आणि त्यांनीं उठविलेला हेलावा हजारों किलोमीटर चालून कित्येक दिवसांनीं येथें पोहोंचतो. मोसमी वारा नैर्ऋत्येकडून येत असल्यानें कंकणाच्या पूर्वेकडील लाटांवर तो बेटाकडून समुद्राकडे वाहतो, आणि लाटेचें अंग गुळगुळीत राखतो. मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर या महिन्यांत लाटा बहुधा सौम्य असतात. घरचीं माणसें कोणत्या महिन्यास संमति देतात यावरच पुष्कळसें अवलंबून आहे.

कारण खरा निर्णय वयाचा नसून तयारीचा आहे. ज्यानें कधीं फळी हातीं धरली नाहीं त्यानें आरंभ प्रवाळावर करूं नये. कर्नाटकांतील मुळकीसारख्या वाळूच्या किनाऱ्यावर करावा. आमच्या पुतण्याचे तेथें दोन हंगाम झाले आहेत, आणि उभा तर तो ऐटींत राहतो. एकामागून एक अशा दोन लाटांखालीं दडपला गेलास तर श्वास आवरून शांत राहशील काय, असें त्याला विचारलें. तो अंमळ गप्प बसला. त्या गप्प बसण्यावरूनच जुलैचा बेत मार्चवर गेला. मुलानेंही त्यावर वाद घातला नाहीं, हें आम्हांस फार आवडलें.

ज्यांच्या घरीं असा बेत शिजत असेल त्यांनीं धनुर्वाताची लस आधीं टोंचून घ्यावी. प्रवाळाचा ओरखडा क्षुल्लक दिसतो, पण आंत कण राहिल्यास चिघळतो. स्वच्छ पाण्यानें धुऊन कण काढलेच पाहिजेत. मोठें रुग्णालय मालेस आहे, आणि तेथवर होडीनें जावें लागतें. तेव्हां विम्याच्या कागदांत हा खेळ धरला आहे कीं वगळला आहे हें एका जाणत्या माणसानें वाचावें. प्रवाळावर पाय देऊन उभें राहूं नये, तें सजीव आहे. १९९८ आणि २०१६ या सालीं समुद्र तापल्यामुळें तें मोठ्या प्रमाणावर पांढरें पडलें. आणि ज्या देशाची अधिकांश भूमि समुद्रसपाटीपासून एक मीटरही उंच नाहीं, त्याचा हाच काय तो तट.

वस्तीच्या बेटांवर मुसलमानी रीतिरिवाज कडक पाळले जातात. तेथें मद्य निषिद्ध आहे, आणि पोहण्याच्या वेषांत गांवांतून हिंडणें अनुचित मानतात. जेवणाविषयीं वहिनींची चिंता मात्र सार्थ होती. तेथील न्याहारींत मासा आणि नारळ एकत्र कालवतात, पण सोबतची ‘रोशी’ म्हणजे जवळजवळ आपली पोळीच. उतरण्याच्या जागीं आधीं लिहून कळविल्यास भात, डाळ मिळते. भाज्या बहुतेक परदेशांतून येत असल्यानें महाग. मेतकूट आणि लिंबाचें लोणचें फळीच्या पिशवींत बांधावें असें वहिनींनीं सुचविलें आहे. फळीच्या लांबीबद्दल विमानकंपनीस विचारावयाचें आहेच, तेव्हां वजनाचेंही विचारून घ्यावें.