वर्कशॉपमध्ये भिंतीला टेकवलेला पत्रा जीवघेणा का ठरतो?

भोसरी, अंबड किंवा वाळूज. कुठल्याही औद्योगिक वसाहतीतल्या फॅब्रिकेशनच्या छोट्या गाळ्यात डोकावलं, तर भिंतीला टेकवून ठेवलेले लोखंडी पत्रे हमखास दिसतात. जागा वाचते, माल हाताशी राहतो. पण हीच सवय जिवावर बेतू शकते.

धोका नेमका काय?

८ बाय ४ फुटांच्या, १ मिलिमीटर जाडीच्या एका पत्र्याचं वजन सुमारे २३ किलो असतं. असे ५० पत्रे म्हणजे १ टनाहून जास्त. मागचा पत्रा काढायचा असेल, तर कामगार पुढचे पत्रे स्वतःकडे झुकवून अंगावर तोलून धरतो. पत्रे सरळ उभे असतात तोवर भार जमिनीवर असतो. ते जरा पुढे कलले की तोच भार माणसावर येतो आणि मग एकट्याला आवरत नाही.

दुसरा धोका धारेचा. शिअरिंग मशिनवर पत्रा कापला की कडेला बारीक, धारदार 'बर' राहते. गंज लागू नये म्हणून पत्र्याला तेल लावलेलं असतं, त्यामुळे तो निसटतो. निसटणारा पत्रा धरायला हात आपोआप पुढे जातो. अशा वेळी बोटाचा स्नायूबंध कापला गेला, तर नुसत्या टाक्यांवर भागत नाही, शस्त्रक्रिया लागते.

काय करता येईल?

- पत्रे आडवे, कप्प्यांच्या रॅकमध्ये ठेवा. उभेच ठेवायचे असतील तर दोन्ही बाजूंनी आधार देणारे खण हवेत.
- कापल्यावर कडा कानशीने घासून घ्या.
- मोठा पत्रा दोघांनी उचला. निसटला तर पकडू नका, बाजूला व्हा.
- साध्या सुती हातमोज्यांऐवजी कट-रेझिस्टंट हातमोजे घ्या. 'ईएन ३८८' या मानकात त्यांचे स्तर ठरलेले आहेत. मात्र फिरत्या ड्रिल मशिनजवळ हातमोजे घालू नका, ते गुंडाळले जाऊन हात आत ओढला जातो.
- कतरण पायाखाली पडू देऊ नका, तिच्यासाठी वेगळा डबा ठेवा.

कायदा काय म्हणतो?

देशात २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेनुसार, विजेवर चालणारा उद्योग 'कारखाना' ठरायला २० कामगार लागतात. १९४८च्या मूळ कारखाना कायद्यात हा आकडा १० होता. म्हणजे पाच-सात जणांचे बहुतेक गाळे तेव्हाही या व्याख्येबाहेर होते, आजही आहेत. राज्य कामगार विम्यासाठीही साधारणपणे १० कामगारांची अट आहे.

त्यामुळे अशा गाळ्यात बोट कापलं, तर उपचाराचा खर्च आणि बुडालेली मजुरी अनेकदा कामगाराच्याच माथी येते. तिथे तपासायला सहसा कुणी येत नाही. पण रॅक बनवायला लागणारं लोखंड, वेल्डिंग मशिन आणि कारागीर, तिन्ही गोष्टी त्याच गाळ्यात असतात. मालकाने एक दिवस स्वतःच्या दुकानासाठी काढायचा, एवढाच प्रश्न आहे.