पाला कच्चा असला तरी कायदा कच्चा नाही

पारावर बसलं की हल्ली एक नवाच युक्तिवाद कानावर येतो. "अहो, गांजाच्या हिरव्या पाल्यात नशा नसतेच म्हणे. जाळला तरच चढतो. मग बांधावर चार हिरवी झाडं असली तर गुन्हा कसला?" बोलणारा पोरगा मोबाईलमध्ये बघून बोलतो, आणि ऐकणारे माना डोलावतात. वाचकहो, या बोलण्यात निम्मी गोष्ट खरी आहे. पण निम्मं खरं फार महागात पडतं, म्हणून आज त्याचा सरळ हिशोब मांडू.

आधी खरं काय ते पाहू. गांजाच्या ओल्या झाडात नशा आणणारं 'टीएचसी' हे द्रव्य फार थोडं असतं. झाड तयार करतं ते त्याचं आम्लरूप. त्याला 'टीएचसीए' म्हणतात. हे आम्ल कच्चं पोटात गेलं तर गांजासारखी धुंदी येत नाही. मात्र उष्णता लागली की त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि मागे राहतं ते टीएचसी. आपल्याकडच्या चुन्याच्या भट्टीचंच उदाहरण घ्या. चुनखडीचा दगड हातात धरला तर काही होत नाही. भट्टीत घातला की हाच वायू उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्याला हात लावून बघा, कातडी सोलून निघते. चिलमीतला विस्तव ही अशीच भट्टी आहे. शंभर ग्रॅम आम्लातून हिशोबाने साधारण अठ्ठ्याऐंशी ग्रॅम टीएचसी तयार होतं. शिवाय वाळवताना, ऊन लागताना, पोत्यात पडून राहतानाही हा बदल हळूहळू चालूच असतो. म्हणजे 'कच्चा' हा शब्द झाड उपटल्यापासूनच खोटा ठरायला लागतो.

आता कायद्याचं बघू. १९८५ चा एनडीपीएस कायदा कच्चं-पक्कं विचारत नाही. किती टक्के टीएचसी आहे, हेही विचारत नाही. झाडाचा फुलोरा किंवा फळं धरलेला शेंडा म्हणजे गांजा, एवढी साधी व्याख्या आहे. शेंड्याविना नुसता पाला आणि बी या व्याख्येतून वगळलेलं आहे, हे खरं. पोरं बोट ठेवतात ते इथंच. पण त्याच कायद्याच्या आठव्या कलमात परवान्याशिवाय हे झाड लावायलाच मनाई आहे. पाला वगळला, लागवड वगळलेली नाही! आणि पाल्याची भांग करायची म्हटली, तर आपल्या राज्यात महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ आडवा येतो. तिथंही परवाना लागतोच.

शिक्षा किती? बेकायदा लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. बाळगण्याच्या गुन्ह्यात वजन पाहतात. एक किलोपर्यंत अल्प प्रमाण, त्याला एक वर्षापर्यंत कैद. वीस किलोच्या वर गेलं की व्यापारी प्रमाण. मग किमान दहा आणि कमाल वीस वर्षे, आणि जामीन मिळणं महाकठीण. लागवडीच्या कलमात मात्र अशा वजनाच्या पायऱ्याच नाहीत. पाला, काड्या, माती सगळं एकत्र तोललं म्हणून उच्च न्यायालयात वाद झाले आहेत, काही आरोपींना जामीनही मिळाला आहे. पण मंडळी, उच्च न्यायालयापर्यंत जाईस्तोवर किती एकर विकावे लागतात, याचा विचार ज्याने त्याने करावा.

यात सगळ्यात जास्त धोका कोणाला? ज्याने जमीन बटईने दिली आहे त्याला. मालक पुण्याला नोकरीला, शेत गावच्या माणसाकडे, आणि तुरीच्या दोन ओळींमध्ये भलतंच उगवलेलं. सातबाऱ्यावर नाव मालकाचं. आपल्या जमिनीवर अशी लागवड झाल्याचं कळलं तर ताबडतोब पोलिसांना किंवा संबंधित अधिकाऱ्याला कळवणं, हे कायद्याच्या ४६ व्या कलमाने जमीनधारकाचं कर्तव्य आहे. जाणूनबुजून गप्प राहिलं तर शिक्षा आहे. ४७ व्या कलमात सरपंच, पंच आणि गावकामगारांवरही हीच जबाबदारी टाकली आहे. म्हणून वर्षातून दोन चकरा मारा, तुरीच्या आत शिरून बघा. फोनवर 'पीक बरं हाय' एवढं ऐकून समाधान मानू नका.

"हेम्प" या शब्दानेही घोळ घातला आहे. आपला ताग आणि आपली अंबाडी यांनाही इंग्रजीत हेम्पच म्हणतात. अंबाडीचं पान तर गांजाच्या पानासारखंच फाकलेलं दिसतं. अंबाडीची भाजी आपण ज्वारीच्या कण्या घालून खात आलो, तिच्या वाखाचे दोर वळत आलो. त्यात काही गुन्हा नाही. पण उद्या कोणी कंपनीचा माणूस 'हेम्पचं बी घ्या, माल आम्हीच उचलू' म्हणत दारात आला, तर कोणतं हेम्प ते आधी विचारा आणि राज्य सरकारचा परवाना बघायला मागा. उत्तराखंडात टीएचसी ०.३ टक्क्यांच्या आत असलेल्या वाणाला परवाने मिळतात. ते त्या राज्याचं झालं. केंद्राने २०२१ मध्ये या झाडाचं बी आणि बियांचं तेल खाद्य म्हणून मान्य केलं, ते विक्रीपुरतं. विजया नावाने औषधं निघतात, ती औषध परवान्यावर. यातलं काहीच नांदेड-लातूरच्या शेतकऱ्याला लागवडीची मुभा देत नाही.

अमेरिकेची गंमत ऐका. तिथल्या २०१८ च्या कायद्यात फक्त तयार टीएचसीची मर्यादा लिहिली होती, आम्लाचा उल्लेख राहून गेला. व्यापाऱ्यांनी त्याच फटीतून आम्लाने भरलेली फुलं 'हेम्प' म्हणून उघड विकली. शेवटी नोव्हेंबर २०२५ मध्ये कायदा बदलून आम्ल धरूनच मोजायचं ठरलं, अंमलासाठी एक वर्षाची मुदत ठेवून. आपली पोरं मोबाईलवर वाचतात ते त्या जुन्या फटीचं पुराण.

प्रकृतीचंही ऐका. कच्च्या पाल्याच्या रसाने सांधेदुखी जाते, कॅन्सर बरा होतो, असं छातीठोक सांगणारे भेटतात. प्रयोगशाळेत आणि उंदरांवर काही प्रयोग झाले आहेत, माणसांवर सिद्ध झालेलं औषध नाही. ओल्या फुलोऱ्यावर बुरशी आणि फवारणीचं विष असतं ते वेगळंच. आणि तापवून ओढलं की छातीची धडधड, भीती, विसराळूपणा. कोवळ्या वयात सतत ओढणाऱ्यांत वेड लागण्याचा धोका वाढतो. लातूर पॅटर्नच्या नावावर आपण पोटाला चिमटा काढून पोरं शिकवणीला ठेवतो. त्या खोलीत 'हे कच्चं आहे, काही होत नाही' म्हणत पुडी शिरली, तर लघवीच्या तपासणीत ती कच्ची राहत नाही आणि पोलीस ठाण्याच्या नोंदीतही नाही.

मग शेतकरी या नादाला लागतोच कशाला? ऑगस्ट २०२१ मध्ये मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे दोन एकरांत गांजा लावण्याची परवानगी मागितली. कोणत्याच पिकाला भाव नाही, हे त्याचं कारण. परवानगी मिळाली नाही, लोक हसले. मला हसू आलं नाही. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर झाला, आणि बाजारात कितीकांना त्याखालीच घालावं लागलं. त्याच वर्षी पुराने शेतं खरवडून नेली. अशा माणसाला दलाल गाठतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये नायगाव तालुक्यात मांजरमजवळ आंध्रातून जळगावकडे निघालेल्या ट्रकमधून ११२७ किलो गांजा पकडला गेला. हा धंदा आपल्या रस्त्यावरून जातो. त्यात सापडतो तो ड्रायव्हर, नाहीतर शेतकरी. पैसा वरच्यावर निघून जातो.

सरकारला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. हा कायदा ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवा, नुसत्या धाडीच्या फोटोने काम भागत नाही. आणि औद्योगिक वाणाचा विचार करायचाच असेल, तर परभणीच्या कृषी विद्यापीठाकडून आधी चाचणी घ्या, बी सरकारी द्या, खरेदी लेखी करा. तोवर शेतकऱ्याने झाडाच्या वाटेला जाऊ नये.

घरातलं कोणी अडकलंच असेल तर मारझोड नको. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा मोफत क्रमांक आहे. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला कायद्याच्या ६४-अ कलमाने सवलत आहे. विक्री किंवा लागवडीची खबर द्यायची तर १९३३ आहे. आणि पुढच्या वेळी पारावर कोणी कच्च्या पाल्याचा विषय काढला, तर त्याला चुन्याच्या भट्टीची गोष्ट तेवढी सांगा.