इंजिनाचं आयुष्य लेपावर

लढाऊ विमानाच्या इंजिनाची आपल्याकडची चर्चा थ्रस्टच्या आकड्यापाशी सुरू होते आणि बहुधा तिथंच संपते. इंजिन किती तास चालेल, हे मात्र बऱ्याच अंशी टर्बाइनच्या पात्यांवरच्या लेपावर ठरतं. आजच्या इंजिनात या पात्यांवर येणारा वायू दीड हजार अंश सेल्सिअसच्या वर असतो, आणि पात्यांचा निकेलचा मिश्रधातू साधारण १३००-१३५० अंशांना वितळू लागतो. पाती टिकतात ती त्यांच्या पोटातून खेळवलेल्या हवेमुळे आणि वरच्या यिट्रियायुक्त झिर्कोनियाच्या थरामुळे. जेमतेम काही दशांश मिलिमीटरचा हा थर धातूचं तापमान शंभराहून अधिक अंशांनी खाली ठेवू शकतो. तो सुटला की उघड्या पडलेल्या धातूचं आयुष्य झपाट्यानं घटतं.

तो सुटतो कसा, हे समजून घ्यायला हवं. झिर्कोनियाखाली धातूचाच एक जोडथर असतो. उष्णतेत त्यावर ॲल्युमिनाची पातळ साय धरते आणि तीच धातूला गंजण्यापासून वाचवते. पण तासागणिक ती जाड होत जाते. इंजिन तापताना आणि निवताना धातू आणि सिरॅमिक कमीजास्त प्रसरण-आकुंचन पावतात, तो ताण या सायीपाशी साचतो आणि एका टप्प्यावर खपली निघते. त्यात धुळीची भर पडते. हवेतल्या धुळीतली कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम आणि सिलिकॉनची ऑक्साइडं बाराशे अंशांच्या आसपास वितळून लेपाच्या सूक्ष्म फटींत झिरपतात. लेपाला लवचीकपणा देणाऱ्या याच फटी. त्या गोठलेल्या काचेनं भरल्या की लेप ताठ होतो आणि तडकतो. उन्हाळ्यात धुळीनं भरलेल्या राजस्थानच्या आकाशात उडणाऱ्या हवाई दलासाठी हा प्रश्न पुस्तकी नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की इंजिनाच्या नव्या कार्यक्रमात लेपांच्या दीर्घ चाचण्यांसाठी वेगळा, न आटणारा निधी हवा. हजारो वेळा तापवून निववणाऱ्या भट्ट्या हव्यात, आपल्याच धुळीचे नमुने वापरणारे ज्वाला-चाचणीचे मंच हवेत. १९८९ मध्ये मंजूर झालेलं देशी कावेरी इंजिन तेजस लढाऊ विमानापर्यंत पोहोचलं नाही. त्याचं खापर एकट्या लेपावर फोडणं अन्यायाचं होईल. पण त्या इंजिनाच्या उड्डाणचाचण्यांसाठी रशियातलं विमान वापरावं लागलं, यावरून चाचणीच्या सोयींकडे आपण किती उशिरा पाहतो ते दिसतं.

नव्या कार्यक्रमात परदेशी भागीदाराकडून तंत्रज्ञान मिळणारच आहे, मग हा खटाटोप कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. त्यात तथ्य आहे. लेप चढवण्याची यंत्रं आणि कृती मिळाली तर अनेक वर्षं वाचतील. मात्र कृती हाती येते तेव्हा ती ज्या फसलेल्या नमुन्यांतून घडली ते नमुने सोबत येत नाहीत, आणि उद्या तापमान पन्नास अंशांनी वाढवायचं ठरलं तर नेमकी तीच माहिती लागते. दुसरा आक्षेप खर्चाचा. हैदराबादच्या एआरसीआयसारख्या संस्थेत लेपांवर संशोधन चालू आहे, डीएमआरएल या संरक्षण प्रयोगशाळेनं एकस्फटिकी पाती ओतून दाखवली आहेत; पाया आहे, त्यावर चाचण्यांची जोड देणं नव्यानं सगळं उभारण्यापेक्षा स्वस्त पडेल. कच्च्या मालाचा विचारही आत्ताच करावा लागेल. झिर्कोनियासाठी लागणारं झिर्कॉन आपल्या किनाऱ्यांच्या वाळूत आहे. यिट्रियासाठी लागणाऱ्या यिट्रियमचं तसं नाही. एप्रिल २०२५ मध्ये चीननं ज्या दुर्मीळ मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याचं बंधन घातलं त्यांत यिट्रियम होतं, आणि वितळलेल्या धुळीला सहज दाद न देणाऱ्या नव्या लेपांना लागणारं गॅडोलिनियमही होतं.