एक मन, दुसरे मन

‘एक मन म्हणते जावे, एक मन म्हणते राहावे’ हे वाक्य आपल्या घरांतून इतक्या सहजतेने उच्चारले जाते की त्यातील नवल कोणाच्या ध्यानी येत नाही. मन द्विधा होते, मनाची ओढाताण होते, मन खाते, मनाची समजूत घालावी लागते. समर्थ रामदासांनी तर २०५ श्लोक मनालाच उद्देशून रचले. आता उपदेश करणारा कोण आणि तो ऐकणारा कोण? दोघेही एकाच देहात नांदणारे! माणूस आतून एक नाही, ही जाणीव आपल्या भाषेत फार पूर्वीपासून मुरलेली आहे.

या जुन्या कोड्याला अलीकडे एक सोपे उत्तर सर्रास दिले जाते. मेंदूचे दोन अर्ध आहेत; डावा हिशेबी, तर्कनिष्ठ, आणि उजवा भावनाशील, कलासक्त; मनातील झगडा म्हणजे या दोघांची भाऊबंदकी, असे ते उत्तर. ऐकावयास ते मोठे गोड वाटते. परंतु आमच्या शाळेत पालक येऊन जेव्हा म्हणतात, ‘गुरुजी, आमचा मुलगा उजव्या मेंदूचा आहे, त्याला गणित जमावयाचे नाही’, तेव्हा या गोड उत्तराची परीक्षा घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

यातील खरे ते प्रथम पाहू. मेंदूचे दोन अर्ध आहेत हे खरेच. शरीराच्या उजव्या अंगावर प्रामुख्याने डाव्या अर्धाची आणि डाव्या अंगावर उजव्याची सत्ता चालते. १८६१ साली पॅरिस येथे पॉल ब्रोका या वैद्याने वाचा गेलेल्या एका रुग्णाचा मेंदू मरणोत्तर तपासला, तेव्हा इजा डाव्या अर्धात आढळली. उजव्या हाताने कामे करणाऱ्यांपैकी शेकडा सुमारे ९५ जणांची भाषा मुख्यत्वे डाव्या अर्धात वसते. डावखुऱ्यांतही बहुसंख्यांची स्थिती तीच असते. चेहरे ओळखणे, दिशा व अंतर यांचा अंदाज घेणे, बोलणाऱ्याच्या स्वरातील राग-लोभ जाणणे यांत उजव्या अर्धाचा वाटा मोठा असतो. या दोहोंना जोडणारा कॉर्पस कॅलोसम नावाचा सुमारे २० कोटी तंतूंचा एक पूल आहे. त्यावरून निरोपांची अखंड ये-जा चाललेली असते.

हा पूल तोडला तर? अमेरिकेत १९६२ पासून काही रुग्णांचा अनावर अपस्मार आटोक्यात आणण्यासाठी शल्यवैद्यांनी नेमके हेच केले. त्या रुग्णांचा अभ्यास रॉजर स्पेरी व त्यांचे शिष्य मायकेल गॅझॅनिगा यांनी केला आणि स्पेरी यांना १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. रुग्णाच्या डाव्या हातात न दाखविता एखादी वस्तू दिली, तर तिचे नाव त्याला सांगता येत नसे. मात्र तोच डावा हात अनेक वस्तूंतून ती चाचपून अचूक उचलून दाखवी. एका रुग्णाचा एक हात विजार वर ओढू लागला की दुसरा ती खाली ओढू लागे! द्विधा मन येथे उघड्या डोळ्यांनी दिसले, असे कोणासही वाटावे.

पण खरा बोध पुढील प्रयोगात आहे. १९७० च्या दशकात अशाच एका किशोरवयीन रुग्णाच्या डाव्या अर्धाला कोंबडीच्या पंजाचे चित्र दाखविले आणि उजव्या अर्धाला बर्फाने वेढलेल्या घराचे. मग समोरच्या अनेक चित्रांतून जुळणारे निवडावयास सांगितले. उजव्या हाताने कोंबडी निवडली आणि डाव्याने बर्फ उपसण्याचे फावडे. ‘फावडे का?’ असे विचारताच बोलणाऱ्या डाव्या अर्धाने क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले की, कोंबडीचे खुराडे साफ करावयास फावडे लागतेच! बर्फाचे चित्र त्या अर्धाने पाहिलेलेच नव्हते. तरीही ‘मला ठाऊक नाही’ असे तो म्हणाला नाही. त्याने कारण रचले आणि त्यावर स्वतःच विश्वासही ठेवला. गॅझॅनिगा यांनी या वृत्तीला ‘दुभाष्या’ अशा अर्थाचे नाव दिले.

आमच्या मते अंतर्द्वंद्वाशी मेंदूचे खरे नाते येथे आहे. तुमचा आमचा पूल शाबूत आहे. आपल्यातील ओढाताण डाव्या-उजव्याची नव्हे. कपाळामागील विचारी भाग आणि मेंदूच्या गाभ्यातील भय-वासनांचे भाग यांचाही तीत संबंध येतो, आणि हे भाग दोन्ही अर्धांत आहेत. २०१३ साली अमेरिकेतील युटा विद्यापीठातील संशोधकांनी एक हजाराहून अधिक मेंदूंची चित्रे तपासली. काही कामे एका बाजूला अधिक चालतात हे दिसले, पण एखादी व्यक्तीच ‘डाव्या मेंदूची’ वा ‘उजव्या मेंदूची’ असल्याचा पुरावा मिळाला नाही. दुभाष्या मात्र आपल्या प्रत्येकात आहे. धाकट्या भावाशी बोलणे टाकावयाचे असते मत्सरापोटी, आणि दुभाष्या सांगतो, ‘तत्त्वाचा प्रश्न आहे.’ म्हणून मनात झगडा चालू असता जे मन अधिक चांगले बोलते तेच खरे, असे धरून चालू नये. ज्या बाजूला शब्द सापडत नाहीत तिलाही काही दिसलेले असू शकते.

आपण सीमेकडची माणसे. घरात मराठी, बाजारात व कचेरीत कन्नड. ‘तुम्ही खरे कोणाचे?’ हा प्रश्न आपल्या मुलांना बाहेरचेही विचारतात आणि त्यांची मनेही. येथेही दोन भाषांना दोन अर्ध वाटून दिलेले नाहीत. दोन्हींचे धागे मेंदूच्या बऱ्याच अंशी त्याच भागांत एकमेकांत विणलेले असतात. धारवाडच्या द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी. त्यांच्या कन्नड ‘नाकुतंती’ला १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. त्याच धारवाडात जी. ए. कुलकर्णी महाविद्यालयात इंग्रजी शिकवीत आणि कथा मराठीत लिहीत. या दोघांनी दोन भाषांपैकी एकीला हाकलून दिले नाही. ओढाताण म्हणजे दुखणेच असे नव्हे. पूल वाहता असेल तर तीच माणसाची पुंजी ठरते. आमचे कलघटगी ज्या रंगीत लाकडी पाळण्यांसाठी प्रसिद्ध आहे, त्यांचा कारागीरही दोन हातांनीच काम करतो. एक लाकूड सावरतो, दुसरा कुंचला चालवितो.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे की, मुलाच्या कपाळी डाव्या-उजव्याचा शिक्का मारू नका. डावखुऱ्या मुलाचा हात बळाने बदलू नका. ‘मध्य मेंदू जागृत’ करून डोळ्यांवर पट्टी बांधून वाचावयास शिकवितो, असे सांगणारे वर्ग मध्यंतरी जागोजागी निघाले. मंगळूरचे नरेंद्र नायक यांच्यासारख्या विवेकवाद्यांनी ते दावे उघडे पाडले. मध्य मेंदू जन्मापासून जागाच असतो, आणि मूल वाचते ते पट्टी व नाक यांच्यामधील फटीतून!

आणि तरुणांना इतकेच सांगावेसे वाटते. शेती की पुण्याची नोकरी, आईवडिलांचा शब्द की स्वतःची निवड, असा झगडा उभा राहिला तर दोन्ही मनांना कागदावर बोलू द्या, रात्र मध्ये जाऊ द्या, आणि ज्याला आपल्या निर्णयात लाभ वा हानी नाही अशा वडीलधाऱ्याला ते वाचून दाखवा. आपला दुभाष्या आपल्याला सहज फसवितो. दुसऱ्याच्या कानाला त्याची लबाडी लवकर ऐकू येते. झगड्याने झोप व भूकच हिरावली असेल, जीव नकोसा होत असेल, तर मात्र घरात झाकून ठेवू नका. धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे. लोक तिला अजूनही ‘वेड्यांचे इस्पितळ’ म्हणतात आणि म्हणून तिची पायरी चढावयास संकोचतात. मोडलेल्या हाडासाठी दवाखान्यात जाताना आपण लाजत नाही. थकलेल्या मनासाठी जाण्यातही लाज कसली?